डांबरी रस्त्याचा थकवा आणि त्याच्या चाचण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खड्ड्याबद्दल सगळे बोलतात, भेगेबद्दल फारच थोडे. रस्त्याच्या कामांवरच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, त्यात त्या थोड्यांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत शाखा अभियंते आहेत, ठेकेदारांची शिकलेली मुलं आहेत, पॉलिटेक्निकचे विद्यार्थी आहेत आणि एक सरपंचबाईही आहेत. 'डांबर' हा शब्द मी साइटवर वापरतात त्याच अर्थाने, म्हणजे बिटुमेनसाठी वापरतो. कोळशापासून निघणारं मूळ डांबर ही वेगळी वस्तू आहे.

रस्ता थकतो म्हणजे नेमकं काय होतं?

चाक वरून जातं तेव्हा डांबरी थर किंचित वाकतो. वरची बाजू दाबली जाते आणि तळाची ताणली जाते. हा ताण डोळ्याला दिसण्यासारखा नसतो. भक्कम रस्त्यात मीटरभर लांबीला एखाद्या केसाच्या जाडीएवढी वाढ, बस. चाक पुढे गेलं की थर मूळ जागी येतो, पण अगदी पूर्णपणे नाही. अशा काही लाख फेऱ्या झाल्या की तळाशी बारीक चिरा पडू लागतात. त्या एकमेकींना मिळतात आणि वर सरकतात. वरून आधी चाकोरीत एखादी लांबट भेग दिसते. मग तिला आडवे फाटे फुटतात आणि शेवटी मगरीच्या पाठीसारखं जाळं तयार होतं. त्यातून पावसाचं पाणी खाली उतरतं, खडीचा थर ढिला होतो, जाळ्यातले तुकडे सुटतात आणि आपण म्हणतो, खड्डा पडला. जुलैत दिसणाऱ्या अशा खड्ड्याची सुरुवात कितीतरी आधी, तळाशी झालेली असते.

जाड थराच्या रस्त्यांवर उलटंही घडतं. टायरच्या कडेखालचा ताण आणि उन्हाने कडक झालेला पृष्ठभाग यांमुळे भेग वरून सुरू होऊन खाली जाते. म्हणून भेगेवरच कोअर, म्हणजे पोकळ ड्रिलने कापून काढलेला रस्त्याचा गोल तुकडा, घ्यावा. वरची भेग कोअरच्या तळापर्यंत पोचली आहे का, ते लगेच कळतं.

मग प्रत्येक भेग थकव्याचीच असते का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीवर रस्त्याच्या कडेला समांतर लांबच लांब भेगा पडतात. त्या माती सुकून आकसल्याच्या असतात. त्यावरून एकही ट्रक गेला नाही तरी त्या पडतील. खाली सिमेंट मिसळलेला थर असेल तर त्याच्या भेगा जशाच्या तशा वर उमटतात. चंद्रकोरीसारखी भेग दिसली, विशेषतः उतारावर किंवा गाड्या ब्रेक मारतात तिथे, तर टॅक कोट, म्हणजे दोन थर चिकटवणारा डांबराचा पातळ फवारा, नीट मारलेला नाही असं समजा. थकव्याची भेग चाकोरीत असते, लोड असलेल्या बाजूला जास्त असते आणि तिचं शेवटी जाळं होतं. भरलेले ट्रक ज्या लेनने जातात तिथे जाळं आणि रिकामे परततात ती लेन धड, असं दिसलं तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

मार्शल चाचणी पास आहे. तरी भेगा पडल्याच कशा?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा, आणि बहुतेक वेळा जरा घुश्शातच विचारला गेला आहे. एका कामावर तर माझ्यासमोर फाइल आपटून विचारलं गेलं होतं.

मार्शल चाचणी मोजते काय ते आधी बघा. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या महामार्ग खात्यात ब्रूस मार्शल यांनी १९३९ च्या सुमारास ही पद्धत बसवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी ती धावपट्ट्यांसाठी उचलून धरली. विमानाच्या जड चाकाखाली माल दबू नये, ढकलला जाऊ नये, ही त्यांची चिंता होती. म्हणून नमुना ६०° सेल्सिअसच्या पाण्यात ठेवून गरम करायचा, मग कडेने दाबायचा आणि किती भार घेतला, किती चेपला ते नोंदवायचं. आपल्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या तपशिलात साध्या डांबराच्या डीबीएम (खालचा डांबरी थर) आणि बीसी (वरचा थर) यांना ७५-७५ ठोके दिलेल्या नमुन्यासाठी किमान ९ किलोन्यूटन स्थिरता, म्हणजे घेतलेला भार, लागते.

आता विचार करा. ६० अंशांना डांबर मऊ असतं. त्या तापमानाला रस्ता दबतो, चाकोऱ्या पडतात, पण थकव्याने तडकत नाही. थकव्याची भेग मध्यम तापमानाला पडते, हजारो-लाखो फेऱ्यांनंतर पडते. मार्शलमध्ये ना ते तापमान आहे ना त्या फेऱ्या. एकदाच दाबायचं आणि संपलं. स्थिरता वाढवायची म्हणून डांबर कमी करणारे, कडक करणारे लोक मी पाहिले आहेत. आकडा छान येतो, १४, १५, १६ किलोन्यूटन. तो माल उन्हाळ्यात दबणार नाही हे खरं. पण तडकायला तो पहिला. मार्शल निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. मालाचं प्रमाण आणि त्यातली हवेची पोकळी ठरवायला ती आजही हाताशी लागते. भेगांबद्दल ती काहीच सांगत नाही, एवढंच.

थकवा प्रत्यक्ष मोजायचा कसा?

सर्वांत मान्य पद्धत म्हणजे चार बिंदूंवर वाकवायची तुळई. अमेरिकी मानक आश्टो टी ३२१ (आश्टो म्हणजे तिथल्या राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना), युरोपात ईएन १२६९७ चा २४ वा भाग. डांबरमिश्रणाची लादी दाबून बनवतात आणि ती करवतीने कापून ३८० मिमी लांब, ६३ मिमी रुंद, ५० मिमी जाड अशी तुळई काढतात. ती चार ठिकाणी पकडतात. बाहेरच्या दोन पकडी स्थिर असतात, आतल्या दोन वर-खाली हलतात. तापमान बहुधा २०° से., वेग सेकंदाला सहसा १० वेळा. दर वेळी ठरलेला ताण द्यायचा, समजा ४०० मायक्रोस्ट्रेन. एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे मीटरमागे एक हजारांश मिलिमीटर.

सुरुवातीला तुळई ताठ असते. फेऱ्या होत जातात तसा ताठपणा उतरत जातो. तो निम्म्यावर आला की तुळई 'थकली' असं धरतात आणि तोवरच्या फेऱ्या मोजतात. मग ६०० वर दुसरी तुळई, २५० वर तिसरी. लॉग कागदावर हे बिंदू मांडले की जवळपास सरळ रेष मिळते आणि ती रेष म्हणजे त्या मालाची कुंडली.

याला धीर लागतो. दहा लाख फेऱ्या म्हणजे सेकंदाला १० च्या वेगाने जवळजवळ २८ तास. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय एकाच घाण्यात बनवलेल्या तीन तुळया तीन वेगळे आकडे देतात. दुप्पट-तिप्पट फरक आला तरी घाबरायचं नाही, थकव्याचा स्वभावच तो आहे. एकाच तुळईवरून निष्कर्ष काढणारा अहवाल समोर आला तर बाजूला ठेवा.

एवढं यंत्र आमच्याकडे नाही. झटपट काही आहे का?

आहे. गेल्या काही वर्षांत यातच सर्वांत जास्त काम झालं आहे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेत फुजी झोऊ यांनी 'आयडियल-सीटी' नावाची चाचणी बसवली, तिचं मानक एएसटीएम डी८२२५. १५० मिमी व्यासाची, ६२ मिमी जाडीची गोल वडी २५° से. तापमानाला कडेवर उभी ठेवून मिनिटाला ५० मिमी वेगाने फोडायची. कापायचं नाही, खाच पाडायची नाही, काही चिकटवायचं नाही. वडी मिनिटाभरात फुटते.

यात पाहायचं असतं ते शिखरानंतर. भार शिखराला पोचून कडेलोटासारखा खाली आला तर माल ठिसूळ. सावकाश, लांबवर उतरला तर माल चिवट. हे एका निर्देशांकात मांडतात. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याने वरच्या थरांसाठी तो किमान ७० मागितला आहे. इलिनॉयमध्ये अर्धवर्तुळाकृती नमुन्याला खाच पाडून वाकवतात आणि लवचिकतेचा आकडा किमान ८ बघतात.

हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावू नका. त्यांची खडी, त्यांचं डांबर, त्यांची थंडी वेगळी. आपला दख्खनचा काळा दगड, आपलं व्हीजी ३० प्रतीचं डांबर आणि आपलं ऊन घेऊन आधी ज्या रस्त्यांनी दहा वर्षं काढली त्यांचा माल तपासावा आणि मग मर्यादा ठरवावी. पण तुलनेला ही चाचणी आजच वापरता येते. मार्शलच्या दाबयंत्राचा वेगही जवळपास तेवढाच असतो. साचा आणि भार-विस्थापनाची संगणकी नोंद जोडली तर बऱ्याच प्रयोगशाळांना ती परवडेल.

फक्त चिवटपणा बघितला तर चालेल?

नाही. चिवट करण्याच्या नादात माल इतका मऊ होईल की नागपूरच्या मे महिन्यात चाकोऱ्या पडतील. म्हणून जोडीला हॅम्बर्ग चाकचाचणी करतात. ५०° से. च्या पाण्यात बुडलेल्या नमुन्यावरून पोलादी चाक २०,००० वेळा जातं आणि किती खोल दबलं ते मोजतात. भेगेची एक आणि दबण्याची एक अशा दोन्ही चाचण्यांच्या मध्ये डांबराचं प्रमाण बसवायचं, याला संतुलित मिश्रणरचना म्हणतात.

आयआरसी ३७ मधल्या थकव्याच्या सूत्रातून साइटवरच्या माणसाने काय घ्यावं?

दोन गोष्टी. सूत्र पाठ करायची गरज नाही.

पहिली ताणाची. आयआरसी ३७ म्हणजे भारतीय रस्ते काँग्रेसची डांबरी रस्त्यांच्या संकल्पनेची मार्गदर्शिका. तिच्या २०१८ च्या आवृत्तीत आयुष्य हे तळाच्या ताणाच्या ३.८९ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात आहे. ताण १० टक्क्यांनी उतरला तर आयुष्य दीडपट होतं. ताण निम्मा झाला तर जवळपास १५ पट. म्हणून जाडीत केलेली 'थोडीशी' काटकसर थोडीशी राहत नाही. टॅक कोटही इथेच येतो. ५० मिमीचे दोन थर नीट चिकटले तर ते १०० मिमीच्या एका थरासारखे वाकतात. न चिकटले तर त्यांची वाकण्याला विरोध करायची ताकद चौथाईवर येते. वर धूळ न झाडता टॅक कोट मारणाऱ्याला हे सांगा.

दुसरी गोष्ट पोकळीची आणि माझ्या मते सगळ्या पानावर हीच सर्वांत महत्त्वाची. सूत्रात एक गुणांक आहे. तो मालातलं डांबराचं घनफळ आणि हवेची पोकळी यांवर ठरतो. डांबराचं परिणामकारक घनफळ ११.५ टक्के धरा. पोकळी ३ टक्के असेल तर गुणांक साधारण ३.१५ येतो. तीच पोकळी ७ टक्के झाली की ०.४७. तीच खडी, तेच डांबर, तीच जाडी, आणि आयुष्य जवळपास सातव्या हिश्शावर! शिवाय पोकळ माल कमी ताठ असतो, त्यामुळे ताणही वाढतो. तो तोटा वेगळाच.

महागडं पॉलिमर घालून जे कमवता येतं ते रोलरवाल्याच्या जेवणाच्या सुट्टीत घालवता येतं. व्हीजी ३० चा माल किमान १४० अंशांना अंथरायचा आणि ९० च्या खाली जायच्या आत दाबून संपवायचा. पातळ थर बशीतल्या चहासारखा निवतो. वारा असेल तर बघायलाच नको. डंपर उशिरा आला आणि माल अंथरणारा पेव्हर थांबला की नेमक्या त्या जागी पुढे जाळं उमटतं. नकाशावर खूण करून ठेवलीत तर स्वतःच पडताळून बघता येईल.

खालच्या थरात डांबर जास्त घालावं, हे खरं का?

खरं. भेग तळाशी सुरू होते, म्हणून तळाचा डीबीएम डांबराने जरा श्रीमंत आणि जेमतेम ३ टक्के पोकळीचा ठेवण्याची कल्पना आयआरसी ३७ मध्येही आहे. तिथे ऊन पोचत नाही, त्यामुळे दबण्याची भीती कमी. वरच्या थरात हे करू नका.

व्हीजी ३० की व्हीजी ४०? कडक डांबराला भेगा लवकर पडतात ना?

थराच्या जाडीवर अवलंबून आहे. थर जाड असेल तर भार तोच उचलतो. मग माल जितका ताठ तितका तो कमी वाकतो आणि तळाचा ताण कमी होतो. ३५ अंशांना आयआरसीने व्हीजी ३० च्या मालाचा ताठपणा २,००० मेगापास्कल धरला आहे आणि व्हीजी ४० चा ३,०००. अशा ठिकाणी व्हीजी ४० चांगलं. थर पातळ असेल तर मात्र त्याला खालच्या खडीच्या थराबरोबर वाकावंच लागतं. तिथे मऊ, लवचिक माल टिकतो आणि कडक माल तडकतो. ३० मिमीच्या थरात सगळ्यात कडक डांबर मागणारी निविदा वाचली की मला हसू येतं.

डांबर मुळात कडक असणं वेगळं आणि म्हातारं होऊन कडक होणं वेगळं. तव्यावरून उतरलेली भाकरी मुडपते, दुसऱ्या दिवशीची मोडते. प्रयोगशाळेत हे म्हातारपण आधीच आणतात. डांबराची पातळ फिल्म १६३ अंशांना ८५ मिनिटं फिरवत ठेवायची, म्हणजे प्लांटमधलं भाजणं झालं. मग २.१ मेगापास्कल हवेच्या दाबाखाली, १०० अंशांच्या आसपास २० तास, म्हणजे रस्त्यावरची वर्षं झाली. त्यानंतरच त्या डांबराची थकव्याची परीक्षा घ्यायची. ताज्या डांबरावर घेतलेली परीक्षा फारशी उपयोगाची नाही. प्लांटवर डांबर १८० च्या वर तापवलं तर हे म्हातारपण पहिल्याच दिवशी येतं. माल अंथरताना तो छान काळा, चकचकीत दिसतो. कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्लास्टिक घातलं तर भेगा थांबतात का?

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांच्या पद्धतीत तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा लेप बसतो. यासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. खडीपासून डांबर पाण्याने सुटणं यामुळे कमी होतं, स्थिरता वाढते. पण स्थिरता आणि भेग यांचं नातं वर सांगितलंच आहे. थकवाचाचणी न करता 'भेगामुक्त' म्हणू नका.

प्रयोगशाळेत ५ लाख फेऱ्या टिकला म्हणजे रस्त्यावर ५ लाख ॲक्सल टिकेल?

नाही, बहुधा त्याच्या कितीतरी पट टिकेल. तुळईला उसंत मिळत नाही. रस्त्यावर दोन ट्रकांच्या मध्ये वेळ जातो आणि उबदार डांबर बारीक चिरा स्वतः बुजवतं. शिवाय तळाशी पडलेली चीर वर यायला वेळ लागतो. एकेक चाक नेमक्या त्याच रेषेत जात नाही. म्हणून प्रयोगशाळेतला आकडा प्रत्यक्ष रस्त्याशी जुळवून घ्यावा लागतो. सूत्राने दिलेलं आयुष्य संपलं म्हणजे एकूण क्षेत्राच्या २० टक्के भागात भेगा, अशी आपली व्याख्या आहे.

जुळवणीसाठी काही देशांत खरे रस्ते बांधून त्यावर ट्रक फिरवतात. इलिनॉयमधल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात आश्टोने (तेव्हाचं नाव आशो) केलेला प्रयोग सर्वांत प्रसिद्ध. नुकसान भाराच्या चौथ्या घाताने वाढतं, हे त्यातूनच आलं.

चौथ्या घाताचा आमच्या रस्त्याशी संबंध काय?

प्रमाण ॲक्सल ८० किलोन्यूटनचा, म्हणजे ८.१६ टनांचा. २०१८ मध्ये केंद्राने चार चाकांच्या एकेरी ॲक्सलची मुभा १०.२ वरून ११.५ टन केली. ऐकायला सव्वा टनाची वाढ. चौथा घात केला तर त्या ॲक्सलचं नुकसान २.४ प्रमाण ॲक्सलवरून ३.९ वर गेलं. १६ टनांवर तेच जवळपास १५ होतं. मोटारींची गर्दी कितीही असो, थकव्याच्या हिशेबात ती धरतही नाहीत.

पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगाम सुरू होतो तेव्हा परतीच्या पावसाने खालची माती अजून ओलीच असते. त्या ओल्या मातीवर उसाच्या खच्चून भरलेल्या गाड्या चार-पाच महिने एकाच दिशेने कारखान्याकडे जातात. संकल्पनेत वर्षभराची सरासरी धरलेली असते, हंगाम धरलेला नसतो. अशा जिल्हामार्गांसाठी वाहनगणती जूनमध्ये उरकणाऱ्यांना मी तरी माफ करणार नाही.

मग पुण्याचा जंगली महाराज रस्ता एवढी वर्षं कसा टिकला?

१९७० च्या दशकात हॉटमिक्सने बांधलेला, ठेकेदाराच्या दहा वर्षांच्या हमीचा हा रस्ता पुणेकरांचा अभिमानाचा विषय आहे आणि तो रास्तही आहे. मला त्यात गुपित दिसत नाही. नीट दाबलेला माल, निचरा आणि लांबची हमी हे तर आहेच. पण त्या रस्त्यावर मुख्यतः बस, मोटारी आणि दुचाक्या असतात, भरलेले मालट्रक नाहीत. चौथा घात त्याच्या बाजूने होता. तोच रस्ता उचलून जेएनपीटी बंदराच्या वाटेवर ठेवला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, असं माझं मत. पुण्यात ते बोलून दाखवायचं धाडस मी एकदाच केलं.

कधीच न थकणारा रस्ता करता येतो का?

जवळपास. तळाचा ताण एका मर्यादेखाली ठेवला तर भेग सुरूच होत नाही, असं दिसून आलं आहे. आयआरसी ३७ ने ३५ अंशांसाठी ही मर्यादा ८० मायक्रोस्ट्रेन धरली आहे आणि खालच्या मातीवर उभा ताण २००. मग दर काही वर्षांनी वरचा झिजलेला थर खरवडून नवा करायचा, तळाला हात लावायचा नाही. पैसा सुरुवातीला लागतो, त्यामुळे जड वाहतुकीच्या रस्त्यांवरच परवडतं.

आमच्या गावच्या रस्त्याला हे सगळं लागू आहे का? (सरपंचबाईंचा प्रश्न)

ताई, बरंचसं नाही. तुमच्या रस्त्यावर २० मिमीचं डांबरी कार्पेट आणि वर पाणी अडवणारा सील कोट आहे. ती छत्री आहे, तुळई नव्हे. भार खालची खडी आणि मुरूम उचलतात. तुम्ही तीन गोष्टी बघा. साइडपट्टीपेक्षा रस्ता उंच आहे का, गटार वाहतं का आणि नळाच्या पाइपसाठी खणलेला चर नीट दाबून बुजवला का. थकव्याची चाचणी मागून बिल वाढवू नका.

चालू रस्त्याचं किती आयुष्य उरलंय, हे न फोडता कळतं का?

बऱ्यापैकी. पूर्वी भरलेल्या ट्रकच्या मागच्या जोडचाकांत बेंकलमन बीमची दांडी सरकवून रस्ता किती लवतो ते मोजायचे. आता मोठ्या कामांवर एफडब्ल्यूडी गाडी येते. ती ठरावीक वजन रस्त्यावर आपटते आणि आजूबाजूचे सेन्सर रस्ता किती लवला ते टिपतात. त्यावरून प्रत्येक थराचा ताठपणा उलट हिशेबाने काढतात. मोजताना तापमान नोंदवलं नसेल तर तो अहवाल फेकून द्या. जानेवारीच्या सकाळी मोजलेला रस्ता नेहमीच तरुण दिसतो.

कोअर काढला की रस्त्याला भोक पडतं. म्हणून ठेकेदार नको म्हणतो. काय करावं?

कोअर काढायचाच. जाडी, पोकळी आणि थर चिकटले आहेत की नाही, हे तिन्ही एका भोकात कळतं. भोक आतून कोरडं करायचं, कडांना टॅक कोट लावायचा, गरम माल थोडा थोडा घालून दर थराला ठोकायचा आणि वर दोन-तीन मिलिमीटर उंच ठेवायचा. मुरूम टाकून पायाने दाबायचं नाही. आणि कोअरवर साखळी क्रमांक (रस्त्यावरचं अंतर), लेन आणि दिशा खडूने नव्हे, पेंट मार्करने लिहा. खडू पाण्यात वजन करताना पुसला जातो आणि मग चांगला कोअर कुठला नि वाईट कुठला यावर संध्याकाळभर भांडण होतं.